बरोबरीच्या माणसाचा शेरा

२० नोव्हें. १९४४, सोमवार. मलकापूर

नवे मेजरसाहेब आज आले. जुने गेले ते घाईतच, आघाडीवरचा हुकूम हातात पडला आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने. आमच्यापैकी कोणाचाही वार्षिक रिपोर्ट न लिहिता.

सकाळी सगळ्या डेपोला आवारात उभं केलं. ही जागा लढाईआधी कापसाच्या प्रेसची. जिथे गाठी रचायचे तिथे आता आमचे तंबू, ताडपत्र्या, दोर. शेजारची जिनिंग, सरकी काढायची गिरणी, मात्र चालूच, दिवसभर धडधड, आणि सगळ्यांच्या टोप्यांवर पिंज.

साहेबांनी महादेव गावंडेला विचारलं, "नौकरी कितनी हुई?"

गाव विचारलं असं वाटून महादेव छाती काढून म्हणाला, "वडनेर भोलजी, साहेब."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मी पुढे होऊन म्हटलं, जिनिंगच्या आवाजात ऐकू आलं नाही साहेब. त्यांनी मान हलवली, पुढे गेले.

जिनिंगचा काय दोष. महादेवचा डावा कान गेलेलाच आहे, आणि उजवाही आता... आघाडीवर बाँब पडला तेव्हा मी चरात होतो, हा वर उभा होता. कानातलं रक्त पुसलं आणि कामाला लागला. डॉक्टरला दाखवलं नाही. "कान पाह्यला का घरी धाडतीन बे." तेव्हापासून हे त्याला माहीत, मला माहीत, आणि त्याच्या हाताखालच्या शिपायांना. ते त्याच्या समोर येऊन, तोंड दिसेल असं उभं राहून बोलतात. कोणी शिकवलं नाही त्यांना.

२३ नोव्हें., गुरुवार

मेजरसाहेबांनी महादेवला आणि मला एकत्र बोलावलं. आम्ही दोघंही दुसऱ्या वर्गाचे वॉरंट ऑफिसर. पहिल्या वर्गाची जागा इथेच रिकामी आहे, दोघांपैकी एकाला मिळणार. वरून दोघांचे रिपोर्ट मागितलेत. साहेब स्वतःच हसले. म्हणाले, तुमची तोंडं कालपरवा पाहिली मी, लिहू काय?

संध्याकाळी लंगरच्या, फौजी भटारखान्याच्या, मागे चहा. महादेव, मी आणि हवालदार रहीमखान. हा विषय निघालाच.

महादेव : "साहेब लिहीन काय? त्यानं आपली टोपी पाह्यली. आपल्याले कुठी पाह्यलं? इचाराचंच असन तं आपल्या हाताखालच्या पोरायले इचारा म्हनावं. आपून कसे हाओत ते त्यायले रोज भोगा लागते."

रहीम हसला. "हाताखालचे काय सांगतीन? जो सुट्टी देते तो चांगला. मी बी तेच सांगीन."

मग मी म्हणालो. चांगलं मोठ्याने, महादेवला ऐकू जाईल असं. "वरच्याला दिसत नाही, खालच्याला बोलता येत नाही. बरोबरीचा माणूसच खरं सांगू शकतो."

"हे बाकी पटलं," महादेव म्हणाला. माझ्या पाठीत थाप मारली. चहा सांडला.

२६ नोव्हें., रविवार. जळगाव (जामोद)

घरी आलो. मोटार कोळशाच्या गॅसवरची, चढ आला की सगळे उतरून ढकलायचे. कपडे काळे.

पोरीने, शांतीने, दारातून पाहिलं आणि आत पळाली. "आई, पाव्हने आले." माझी आई हसली. बायको, सरू, हसली नाही.

पहिल्या वर्गाच्या जागेबरोबर प्रेसच्या कोपऱ्यातलं दोन खोल्यांचं घर मिळतं, बायकापोरांना आणता येतं, हे सरूला सांगायला नको होतं. सांगितलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"पानी घरात येते का बाहीरून आना लागते?"

"आवारात नळ आहे."

"अन् पोरीले खेळाले जागा?"

अजून काही ठरलं नाही, महादेवचं नावही आहे, असं म्हटलं. ती म्हणाली, "महादेवभाऊजींच्या घरी शेत हाये, भाऊ हाये. त्यायच्या बायकोचं वडनेरात बरं चाल्लं. मी इथं तीन जावांमंदी..." आणि भाकर उलटली. बाकीचं बोलली नाही.

निघेपर्यंत शांती मांडीवर आली नाहीच.

२८ नोव्हें., मंगळवार

आज सायडिंगवर महादेव मेला असता.

ताडपत्र्यांचे वॅगन रिकामे होत होते. महादेव रुळात उभा राहून वरच्या शिपायांना सांगत होता. मागून इंजिनाने दोन वॅगन ढकलून सोडले. शिट्टी झाली, आम्ही सगळे ओरडलो. तो आमच्याकडे पाहून हात हलवतो आहे, काय म्हणता म्हणून. रहीमने उडी घेतली आणि त्याला धरून गिट्टीवर आडवा झाला. वॅगन गेले.

महादेवला खरचटलं. रहीमचा खांदा उतरला. दवाखान्यात बसवून आणला, हात गळ्यात. मेजरसाहेबांना शिपायांनी एका तोंडाने सांगितलं, हवालदारसाहेब गिट्टीवरून घसरले. कोणी कोणाला सांगून ठेवलं नव्हतं.

नंतर महादेव पाण्याच्या हौदापाशी बसला होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले.

"तू काई पाह्यलं नाई ना, शंकर?"

"नाही."

"माह्या पोरायनं पाह्यलं तं चालते. ते माहे हायेत."

मी त्याचा काय, ते विचारलं नाही.

हे साहेबांना सांगायला हवं का, असं त्या वेळी मनात आलं. खरंच आलं. आज रहीमचा खांदा, उद्या एखाद्याचा जीव. पण महादेवच्या समोर जाऊन, तू हे काम सोड, असं म्हणायचं धाडस मला नव्हतं, आणि साहेबांकडे जायचंही नव्हतं. जेवलो आणि झोपलो.

३० नोव्हें., गुरुवार

लिहितो. हे पोटात ठेवता येणार नाही.

साहेबांनी मला एकट्याला बोलावलं. बसा म्हणाले. खुर्चीवर. म्हणाले, गावंडेबरोबर तुम्ही बरीच वर्षं काढलीत, त्याच्याबद्दल तुम्ही सांगा. तुमच्याबद्दल मी त्याला विचारणार आहे. मला हा न्याय वाटतो.

मी सांगितलं. शूर आहे. माणसं त्याच्यावर जीव टाकतात. माल एकदा नजरेखालून गेला की विसरत नाही. चोरी नाही, दारू नाही. सगळं खरं. सांगताना मला माझंच बरं वाटत होतं, किती मोठ्या मनाने बोलतो आहे म्हणून.

साहेबांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, मग माझंही मत तेच झालंय, मी गावंडेचं नाव पाठवतो.

मी उठलो. दारापर्यंत गेलो. परत फिरलो.

"साहेब, एक आहे. त्याला ऐकू येत नाही."

ते म्हणाले, थोडं?

मी म्हटलं, जवळजवळ काहीच नाही. आणि सायडिंगचं सगळं सांगितलं. विचारलं नव्हतं तेही सांगितलं. आघाडीवरचं रक्तही.

त्यांनी टाक पुन्हा उचलला. मग म्हणाले, थँक यू, हे सांगणं सोपं नसणार.

सोपं होतं. तेच तर...

१ डिसें., शुक्रवार

दिवसभर स्वतःशी भांडण. जे सांगितलं त्यात खोटं एक अक्षर नाही. रुळांवर बहिरा माणूस नको, हे कोणीही म्हणेल.

पण मंगळवारी सांगितलं असतं तर ते कर्तव्य होतं. काल, त्याचं नाव ऐकल्यावर सांगितलं. दार ते खुर्ची, एवढ्यात माझ्या मनात काय होतं? शिपायांचा जीव नव्हता. सरूचा भाकरीवर थांबलेला हात होता. तोही पूर्ण खरा नाही. मी त्याच्या हाताखाली जाणार, हे सोसलं नाही.

४ डिसें., सोमवार

महादेव हसत आला. साहेबांनी त्याला बोलावलं होतं, माझ्याबद्दल विचारायला.

"काय सांगतलं म्या, आयकतं?"

"राहू दे रे."

"नाई, आयक. म्या म्हटलं, साहेब, शंकरसारखा हुशार डेपोत नाई. कामाले चोख. पन थोडा भेकड हाये. भांडन आलं का बाजूले सरकते. तेवढं त्याले वरून कोनी सांगा लागते." आणि माझ्याकडे वाकून पाहिलं. "राग आला का बे? तुह्या तोंडावर सांगता येत नसन तं साहेबाले तरी काऊन सांगा?"

"राग नाही आला."

"तू माह्याबद्दल काय बोलला?"

"चांगलंच."

"ते तं बोलशीनच." मग डोकं खाजवत म्हणाला, "साहेब मोठे गमती. मी दाराकडे चाल्लो तं मांगून काईतरी बोलले वाटते. म्या वळून पाह्यलं तं नुसते पाहून राह्यले माह्याकडे."

मला समजलं. त्याला अजून नाही.

७ डिसें., गुरुवार

हुकूम आला. महादेवने कानांच्या तपासणीसाठी मोठ्या मिलिटरी दवाखान्यात जायचं, डॉक्टरांच्या बोर्डापुढे. हातात कागद घेऊन तो आवाराच्या मधोमध उभा होता. जिनिंग चालू होती. त्याला ती ऐकू येत नव्हती, आणि आम्हाला तो काय बोलतो ते.

मग जवळ येऊन म्हणाला, "साहेबाले कोनं सांगतलं?"

मी टोपीवरची पिंज झटकत राहिलो.

"रहीम्यानं. त्या दिवशी हात गळ्यात घेऊन हापिसात हाच उभा होता. खांदा कशानं उतरला म्हून इचारलं असन, यानं ओकून टाकलं."

"रहीम असं करणार नाही."

"मंग कोनं केलं? पोरायनं? तू?"

ते 'तू' त्याने असं म्हटलं, जसं 'या भिंतीनं?' म्हणावं.

मी म्हटलं, "साहेबांनी स्वतःच पाहिलं असेल."

संध्याकाळी रहीम चहाचे तीन पेले घेऊन आला, एका हाताने ताट सांभाळत. महादेवने आपला पेला मातीत उपडा केला आणि निघून गेला. ज्याने त्याला रुळांवरून ओढलं त्याचा चहा. मी माझा प्यालो. गोड होता. शेवटपर्यंत प्यालो.

११ डिसें., सोमवार

महादेव गेला तपासणीला. त्याचं काम माझ्याकडे. त्याचे शिपाई मी सांगेन ते करतात. बोलत नाहीत. सवयीने माझ्यासमोर येऊन, तोंड दिसेल असं उभे राहतात, मग लक्षात आलं की बाजूला सरकतात.

रहीम गोदामात भेटला.

"म्या नाई सांगतलं, वॉरंटसाब."

"मला माहीत आहे."

निघून जायचा तो थांबला. "तुमाले कसं माहीत?"

मी ताडपत्र्यांकडे पाहत राहिलो. तो उभा राहिला, मग गळ्यातला हात नीट करून गेला.

१५ डिसें., शुक्रवार

धीर करून साहेबांकडे गेलो. म्हटलं, शिपायांत असा समज आहे की हवालदार रहीमखानाने सांगितलं. तसं नाही एवढं आपण जाहीर करावं.

ते म्हणाले, मी रिपोर्टात मी स्वतः केलेली परीक्षा लिहिली आहे. तुमचं नाव कुठेच नाही. निश्चिंत राहा.

मी त्यासाठी आलो नव्हतो. असं म्हणायला तोंड उघडलं, पण ऐकून छातीवरचं ओझं हललंच, आणि ते त्यांना दिसलं. शांतपणे म्हणाले, गुप्त ते गुप्त. तुमच्या माणसांच्या समजाचं काय करायचं ते तुम्ही करा. मग विचारलं, जे सांगितलंत ते खरं होतं ना? मग मान खाली का?

साहेब भला माणूस आहे. त्याला सांगता आलं नाही.

२० डिसें., बुधवार

महादेव नापास. नोकरीतून मोकळा. सामान न्यायला आला होता. बोर्डाच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजवा कानही वर्षभरात जाईल. त्याने ते मला असं सांगितलं जसं बैल विकल्याचं सांगावं.

वर्दी घडी करून जमा केली. धोतर नेसून निघाला तेव्हा शिपाई फाटकापर्यंत गेले, ज्यांची पाळी होती तेही. मी कोणाला अडवलं नाही. रहीम गोदामाच्या दारात उभा होता. महादेव त्याच्यासमोरून गेला, मान वळवली नाही.

फाटकात मला मिठी मारली. म्हणाला, "जागा तुले मियाली तं बरं होईन. दुसरा कोनी नोको."

दुपारच्या टपालात माझा हुकूम. पहिला वर्ग.

२४ डिसें., रविवार. वडनेर

जळगावला जायला निघालो होतो, वडनेरला मोटारीतून उतरलो. सांगायचंच, असं ठरवून.

वहिनींनी, म्हणजे महादेवच्या बायकोने, वांग्याचं भरीत केलं, ज्वारीची भाकर, वर तेल. मला आग्रह, त्याला आग्रह. त्याच्याशी त्या मोठ्याने नाही बोलत, हाताला हात लावून आपल्याकडे वळवतात आणि मग बोलतात.

तो पाणी आणायला उठला तेव्हा मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमाले म्हून सांगतो. ज्यानं कोनं साहेबाले सांगतलं त्याचं देव भलं करो. जिता घरी आला मानूस. पन यायच्या समोर बोलता येत नाई. सकायी उठून टोपी हुडकतेत. अन् मंग बसून राह्यतेत."

महादेव आला. "काय म्हनते?"

"काही नाही. भरीत चांगलं झालंय म्हटलं."

तो म्हणाला, "रहीम्याचं तोंड आता जन्मात पाह्यनार नाई."

मी म्हटलं, "रहीमने नाही सांगितलं, महादेव."

"तू सगळ्यायले चांगलंच म्हन. तुहा सभावच तसा." आणि माझ्या ताटात अर्धी भाकर टाकली.

ती खाल्ली. उठलो. संध्याकाळची मोटार धरली. सरूला नव्या जागेचं सांगितलं. ती रडली, आनंदाने. शांतीला म्हणाली, "आता बाबाजवळ राहाचं." शांतीने विचारलं, कोनाजवळ?

२७ डिसें., बुधवार

रहीमला सांगितलं. आधी त्यालाच, कारण आळ त्याच्यावर आला.

त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "मले माहीत होतं. गोदामात तुमी ताडपत्र्यायकडे पाहून राह्यले, तवाच."

"मग बोलला का नाही?"

"कोनाजवळ बोलू? मी हवालदार. तुमी वॉरंटसाब. म्या म्हटलं असतं का तुमी सांगतलं, तं महादेवसाब म्हनले असते, बदमाश आपली चोरी शंकरवर लोटून राह्यला. तुमच्या खाली काम करून राह्यलो साब. खालच्याचं खरं कोन आयकते?"

मी म्हटलं, माझी चूक झाली.

"मले नोका सांगू. माहा खांदा तं बरा झाला." आणि मग, आवाज बदलून, "सांगाचं तं बरोबरच होतं साब. ते रुळावर मेले असते. म्याच सांगाले पाह्यजे होतं. मले बी नाई झालं. पन तुमी त्यायले सांगून मंग साहेबाकडे जाते ना. पयले त्यायले."

पहिले त्याला. एवढं साधं होतं.

३१ डिसें., रविवार

वडनेर. महादेव शेतात होता, कपाशीच्या कडेला बांध नीट करत. वेचणीच्या बाया ओळीत. वहिनीही त्यांच्यातच, कमरेला ओटी बांधलेली.

मी त्याच्या जवळ जाऊन, खाली पाहत म्हटलं, "साहेबाला मी सांगितलं होतं."

"काय?"

"मी सांगितलं."

"जोरानं बोल बे. तोंड वर कर."

मी तोंड वर केलं आणि ओरडलो. "साहेबाला तुझ्या कानाचं मी सांगितलं. रहीमने नाही. मी."

बाया वाकलेल्या होत्या त्या उभ्या राहिल्या. वहिनींच्या हातातलं बोंड हातातच राहिलं.

महादेव फावड्यावर हात ठेवून माझ्या तोंडाकडे पाहत होता, अजून काही शब्द यायचे असतील म्हणून. मग हळूच विचारलं. त्याला स्वतःचा आवाज नीट येत नाही, म्हणून हळू म्हणजे अगदीच हळू.

"साहेबानं इचारलं तवा सांगतलं? का माहं नाव काढल्यावर?"

हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत मला ओळखतो, एवढंच.

"नाव काढल्यावर."

"हं."

तो बांधाला लागला. फावड्याने माती ओढली, पायाने दाबली. मी उभा. बाया पुन्हा वाकल्या. बऱ्याच वेळाने, न पाहता म्हणाला, "रहीमले म्हना, येऊन जाय. म्या बोलावलं म्हना."

"सांगतो."

आणखी काहीतरी म्हणेल म्हणून थांबलो. शिवी चालली असती. मारलं असतं तरी चाललं असतं. वहिनींकडे पाहिलं. त्या पुढच्या झाडाकडे सरकल्या होत्या. दरवेळी गावच्या वेशीपर्यंत पोहोचवायला यायच्या.

रस्त्याला लागल्यावर आठवलं, तो मला 'म्हना' म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा. अरेतुरे सोडून.

३ जाने. १९४५, बुधवार

रहीमला निरोप दिला. त्याने कपडे धुवायला काढले. शनिवारची सुट्टी मागितली, दिली.

साहेबांनी आज मला हवालदारांचे शेरे द्यायला सांगितलं. पहिल्या वर्गाचा आता मीच ना. मी म्हटलं, साहेब, हे ज्यांच्याबरोबर काम करतात आणि ज्यांच्याकडून काम करून घेतात त्यांनाही विचारावं. ते हसले. फौजेत? म्हणाले, मग उद्या शिपाई माझाही रिपोर्ट लिहितील.

मी म्हटलं, मग निदान मी जे सांगेन ते आधी त्यांच्या तोंडावर सांगेन.

ते हसायचे थांबले. तुमची मर्जी, म्हणाले.

रहीमला बोलावून सांगितलं : शूर, विश्वासू, माणसं सांभाळतो, डोकं लवकर भडकतं.

"भडकते?" तो म्हणाला, भडकूनच. मग स्वतःलाच हसू आलं. "राहू द्या. खरं हाये."

तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग आठवलं की हे मी महादेवकडून उचललं आहे. आणि त्याला ते सांगायची सोय राहिली नाही.

६ जाने., शनिवार

रहीम वडनेरहून परत आला. तुरीच्या शेंगांचं गाठोडं, लंगरमध्ये मीठ घालून उकडल्या, सगळे शिपाई भोवती बसून सोलत होते. मला पाहून सरकले, जागा केली. कोणी पाठवल्या ते कोणी बोललं नाही. मी दोन खाल्ल्या आणि उठलो.

रहीम मागून आला. मी विचारलं, कसा आहे?

"बरे हायेत. म्या पाया पडाले गेलो तं त्यायनंच मले धरलं. रडले. मंग जेवलो. शेत दाखोलं."

"माझ्याबद्दल काही बोलला?"

रहीमने हातातली शेंग सोलली, दाणे मुठीत धरले.

"नाई साब. दिवसभर तुमचं नाव निंघालंच नाई."

"आणि वहिनी?"

"त्यायनं इचारलं, प्रेसमधल्या घरात कोन येऊन राह्यलं म्हून. म्या म्हटलं, साबची फॅमिली. तं म्हनल्या, बरं."

शिपायांनी घर झाडून ठेवलं आहे. चूल लिंपली आहे. मी सांगितलं नव्हतं. हे माझ्यासाठी, की हुकुमाच्या माणसासाठी करतात तसं, कसं कळणार. त्यांना विचारायला माझ्याकडे तोंड नाही.

उद्याच्या मोटारीने सरू आणि शांती येतात. सामान, पाटा-वरवंटा, सगळं घेऊन. सरूला या घराबद्दल एवढंच माहीत आहे की ते मला मिळालं. तिचा निरोप आला आहे : वाटेत वडनेरला उतरून महादेवभाऊजींकडे थोडं थांबू, वहिनींना भेटू, त्यांच्या हातचा चहा घेऊ आणि मग पुढे.

आज निरोप पाठवला तर तो पोहोचणार नाही. म्हणजे सकाळी पहिल्या गाडीने मीच जाऊन वडनेरच्या थांब्यावर उभं राहायचं, आणि ती उतरली की रस्त्यातच तिला सगळं...

किंवा नाही उभं राहायचं.